दम्याचा पंप आणि आपला हक्क

आपल्या बैठकांत शिष्यवृत्ती, गायरान, अत्याचार, आरक्षण हे विषय निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. पण त्याच बैठकीत एखादी मावशी भिंतीला टेकून, खांदे वर उचलून श्वास ओढत असते. तिच्या छातीतला सूं-सूं आवाज शेजारच्या बाईला ऐकू येतो. तरीही दमा हा विषय कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. 'तिला पहिल्यापासूनच दम आहे' एवढे बोलून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. माणूस दम्याने गेला तरी 'धाप लागली आणि गेला' असे म्हणतो आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लागतो. तो का गेला, त्याला वाचवता आले असते का, हा प्रश्न विचारला जात नाही. आज तोच प्रश्न विचारायचा आहे.

२०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज असा की जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपल्याकडचा दमा काही वेगळ्या जातीचा, जास्त विषारी रोग नाही. रोग तोच आहे, औषधही जगात तेच आहे. मग मरणे आपल्याच वाट्याला एवढे का? उत्तर साधे आहे. रोज घ्यायचे औषध आपल्या रुग्णाच्या नाकातोंडापर्यंत पोहोचतच नाही. काही ठिकाणी ते दवाखान्यात नसते, आणि जिथे असते तिथे लाजेपोटी घेतले जात नाही. पहिली गोष्ट शासनाची जबाबदारी आहे, दुसरी आपली.

आधी रोग समजून घेऊ. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दमेकऱ्याच्या या नळ्यांना आतून कायमची सूज असते आणि त्या फार हळव्या झालेल्या असतात. धूर, धूळ, परागकण, थंड वारा, सर्दी-पडसे, फोडणीचा ठसका, काहीही लागले की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. हवा आत कशीबशी जाते, पण बाहेर पडताना अडते, आणि तोच तो सूं-सूं आवाज. लक्षात ठेवायची गोष्ट ही की धाप थांबली म्हणजे सूज गेली असे नाही. चार दिवस बरे वाटते तेव्हाही आत निखारा असतोच, वर फक्त राख धरलेली असते.

दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. तो येतो-जातो, पहाटे आणि रात्री वाढतो, हवा बदलली की उठतो, आणि पुष्कळदा घरात आणखी कुणाला तरी दमा, शिंकांचा त्रास किंवा अंगावर खाज असते. चाळिशीनंतर सुरू झालेला, कधीच पुरता न थांबणारा, हळूहळू वाढत जाणारा दम हा पुष्कळदा वेगळा आजार असतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची थुंकी तपासणी करून घेतलीच पाहिजे. तिन्ही आजारांना गावात 'दमा' हे एकच नाव आहे आणि तिन्हींवर एकच पुडी दिली जाते. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे साधे यंत्र डॉक्टरकडे असते. निदान त्यावर व्हावे, अंदाजावर नव्हे.

आता आपल्या भागाकडे येऊ. शिरूर तालुक्यातले केंदूर घ्या. पावसाचा भरवसा नसलेला टापू, बाजरी आणि कांद्याचे पीक, आणि खाली पुणे-नगर महामार्गावर शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमाचा कारखान्यांचा पट्टा. म्हणजे आपल्या माणसाच्या छातीवर दोन्हीकडून मारा आहे. गावात असेल तर मळणीचे भुसकट, कांद्याच्या चाळीतली धूळ आणि बुरशी, पोल्ट्रीतली पिसे, बांधावरचे गाजरगवत. हे गाजरगवत आपल्या देशात पहिल्यांदा नोंदले गेले तेच मुळी पुण्यात, १९५५ च्या सुमारास. आज त्याच्या परागकणांनी शिंका आणि धाप लागत नाही असे गाव सापडणार नाही. कामावर गेला तर रंगाची फवारणी, वेल्डिंगचा धूर, फाउंड्रीची धूळ, रसायनांचा उग्र वास. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे, आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणात प्लॅस्टिक आणि जुन्या चपला जाळल्याच्या तक्रारी तिथल्या गावकऱ्यांनी केलेल्या आहेत. कंत्राटी मजूर म्हणून सर्वांत धुळीच्या जागी कोण उभा असतो, हे या पानाच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

आणि बाई? ती बिडी ओढत नाही, पण चुलीपुढे बसते. केंदूरच्या परिसरातल्याच वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र आहे. आसपासच्या बावीस गावांत ते वर्षानुवर्षे घरोघर आरोग्याच्या नोंदी घेत आले आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनसोबत या भागात झालेल्या पाहणीत दिसले ते असे, की सीओपीडी जडलेल्यांत आयुष्यात कधी बिडी-सिगारेट न ओढलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. चुलीच्या धुराने दमाही भडकतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, टाकी घरात आली, पण भरून आणायला पैसे नसले की बाई पुन्हा गोवऱ्या आणि तुराट्यांकडे वळते. त्यात मिसरी भाजताना तव्यावरून उठणारा धूर. तो भाजणारीच्या छातीत जातो, तसा मांडीवरच्या लेकराच्याही छातीत जातो. रात्री डासांसाठी दारे बंद करून कॉइल लावली जाते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण शंभराच्या आसपास सिगारेटींइतके असतात असे मोजमापांत आढळले आहे. बापाने बिडी सोडली आणि उशाशी कॉइल लावली, तर लेकराच्या पदरात काय पडले?

इथे एक गोष्ट आपल्या घरातली. वंदनेच्या वेळी विहाराच्या छोट्या खोलीत दारे लोटून उदबत्त्यांचा जुडगा लावला जातो. समोर बसलेली दमेकरी बाई संकोचाने उठत नाही, पदर नाकाला लावून बसून राहते. फुले वाहावीत, मेणबत्ती एक पुरे, उदबत्ती बाहेर लावावी. त्याने वंदनेत काहीच उणे पडत नाही. जयंतीच्या मिरवणुकीतले फटाकेही असेच. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांनी तर विसरू नये. कडाक्याची थंडी, लाखोंच्या पायांनी उडणारी धूळ, मैलोन्मैल चालणे. खिशात पंप नसताना दमेकऱ्याने तिथे जाऊ नये.

आता पंपाविषयी. आपल्या वस्त्यांत सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज हा की 'पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही'. नेमके उलट आहे. साधा हिशेब पाहा. सॅल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट जिथे आजार आहे तिथे जातो, म्हणून एवढासा पुरतो. तेव्हा जास्त औषध कशात आहे, गोळीत की पंपात? डोळ्यांत थेंब घालणाऱ्याला 'डोळ्यांना थेंबांची सवय लागेल' असे आपण म्हणत नाही. मग फुप्फुसावरच हा अविश्वास कशासाठी?

पंप दोन प्रकारचे असतात आणि हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. एक तात्पुरत्या आरामाचा, बहुधा निळ्या रंगाचा. तो आवळलेले स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत बरे वाटते, पण सूज तशीच राहते. दुसरा सूज उतरवणारा. त्यात ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड फार थोड्या मात्रेत असते. त्याने लगेच आराम वाटत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात, आणि जीव वाचवणारा तोच असतो. नुसत्या निळ्या पंपावर दमेकऱ्याला ठेवू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. वर्षात निळ्या पंपाचे तीन डबे संपत असतील तर तो धोक्याचा इशारा समजावा. ब्युडेसोनाइडसोबत फॉर्मोटेरॉल असलेला एकत्र पंप आता बहुतेक मोठ्या माणसांना दोन्ही कामांसाठी देता येतो. कोणता आणि किती, हे डॉक्टरने ठरवावे. पण 'मला सूज उतरवणारा पंप का लिहून दिला नाही?' हे विचारण्याचा अधिकार रुग्णाचा आहे.

'स्टेरॉइड' या शब्दाला लोक भितात आणि तेच लोक बाजारच्या दिवशी मिळणारी रंगीत गोळ्यांची पुडी महिनोन्‌महिने खातात. त्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइडचीच गोळी कुटून घातलेली असते, आणि तीही पंपापेक्षा कितीतरी अधिक मात्रेत. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, लेकराची उंची खुंटते. पंपाचा फवारा घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंड येण्याचा त्रासही टळतो.

पंप घेण्याची रीतही महत्त्वाची. डबा हलवावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, ओठ घट्ट मिटावेत, दाबतानाच हळू आणि खोल श्वास ओढावा, आणि मनात दहापर्यंत मोजेतो रोखून धरावा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना हे एकाच वेळी जमत नाही, म्हणून स्पेसर नावाची पोकळ नळी मिळते. ती परवडत नसेल तरी अडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की अर्धा लिटरच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, कडा नीट बंद करून केलेला स्पेसर विकतच्या इतकाच उपयोगी पडतो. आशाताईंनी एका दुपारी वस्तीत हे दहा जणींना शिकवावे.

दमा ताब्यात आहे की नाही, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? रात्री दम्याने जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे काम किंवा खेळ सोडावा लागला का? चारही उत्तरे 'नाही' असली तर आजार ताब्यात आहे. एकालाही 'हो' असेल तर डॉक्टरकडे जाऊन औषध आणि रीत दोन्ही तपासून घ्यावी. ताब्यातल्या दम्याचे मूल कबड्डी खेळते, पळते, पोहते. त्याला पीटीच्या तासाला झाडाखाली बसवू नये, आणि 'थंड असते' म्हणून केळे, दही, भात बंद करून उपाशीही मारू नये. विशिष्ट पदार्थाने खरोखर त्रास होतो असे दिसले, तर तेवढाच टाळावा.

आणि आता चमत्कारांकडे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याचे कार्यक्रम महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात. मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासा गिळायला आपल्याकडून माणसे उसनवारी करून जातात. दमा स्वभावानेच येतो-जातो, म्हणून पुढचे दोन महिने बरे गेले की श्रेय खिरीला आणि माशाला मिळते. त्या भरवशावर रोजचा पंप बंद होतो आणि पुढचा झटका जीवघेणा ठरतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांत 'अनुसूची जे' आहे. त्यातल्या रोगांना आपण रोखतो किंवा बरे करतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत ब्रॉन्कियल अस्थमाचे नाव आहे. 'दमा मुळापासून बरा' अशी पाटी दिसली तर फोटो काढावा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी.

झटका आला तर काय करावे, हे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. रुग्णाला आडवे करू नये, पुढे किंचित झुकवून बसवावे, गर्दी हटवावी. निळ्या पंपाचे चार फवारे, स्पेसरमधून, एकेक करून द्यावेत. आराम नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा, आणि दरम्यान १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा माणूस ग्लानीत जात असेल, तर एक मिनिटही थांबू नये. छातीतला आवाज अचानक बंद झाला आणि माणूस तरीही तडफडतो आहे, तर तो बरा झालेला नाही, हवाच थांबली आहे. अशा वेळी 'आधी पैसे भरा' म्हणणाऱ्याला कायदा ठाऊक असावा. तातडीची मदत देणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, हे १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या निकालात ठरले.

पण झटक्यानंतरच्या हक्कापेक्षा झटका टाळण्याचा हक्क मोठा आहे, आणि तिथेच व्यवस्था चुकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्ण भरती झाला की खर्च उचलते. भरतीची वेळ येऊ नये म्हणून रोज लागणारा पंप मात्र त्याने खिशातून घ्यायचा. सॅल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, म्हणून त्यांच्या कमाल किमती सरकार ठरवते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या गेल्या, त्यांत सॅल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि वाफेच्या यंत्रातले द्रावण होते. म्हणजे गरिबाला जे मिळते तेही महागले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. मग निःशुल्क दवाखान्यात दम्याला फक्त इंजेक्शन आणि वाफ, आणि पंप 'बाहेरून आणा', हे का चालवून घ्यायचे?

याला उपाय मोर्चाच्याही आधी कागदाचा आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गेल्या बारा महिन्यांत ब्युडेसोनाइडचे आणि सॅल्ब्युटामॉलचे किती पंप आले, किती वाटले, किती दिवस साठा शून्य होता, एवढेच तीन प्रश्न. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेला लागूनच. ते उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि 'पंपांचा साठा कायम ठेवावा' असा ठराव नोंदवून जिल्हा परिषदेकडे पाठवावा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, ठरावाला उत्तर द्यावे लागते.

कारखान्यात काम करणाऱ्यांना वकील म्हणून एक सांगणे. दम कामावर वाढतो आणि सुटीच्या दिवशी उतरतो का, हे लिहून ठेवावे. डॉक्टरच्या केसपेपरवर आपले काम काय आणि कशाच्या संपर्कात येतो, हे लिहून घ्यावे. कामामुळे जडलेल्या रोगाला भरपाईचे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून या देशात आहे. पण न्यायालयात मी पाहतो ते हे, की माणूस खरा असतो आणि कागद कोरा असतो. केसपेपरवर नुसते 'धाप' लिहिलेले असेल तर उद्या कोणताही मालक 'घरचा आजार' म्हणून हात झटकतो. गावात उघड्यावर प्लॅस्टिक जळत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे उपद्रव हटवण्याचा अर्जही करता येतो.

उरतो तो लाजेचा प्रश्न, आणि तो कोणत्याही न्यायालयात सुटणार नाही. मुलीचे लग्न जमवताना तिचा पंप लपवला जातो. सासरी गेल्यावर ती चोरून, न्हाणीघरात जाऊन फवारा घेते, मग घेणेच सोडते आणि चुलीपुढे बसते. तिच्या मरणाची तयारी आपण मांडवातच केलेली असते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लादलेल्या कलंकाची किंमत मोजली, त्याने हातभर अंतरावरच्या औषधाला कलंक मानावे, हे पटणारे नाही. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः धुऊन काढले आणि संघाला बजावले की तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील. वस्तीतल्या दमेकऱ्यांची यादी करणे, त्यांचा पंप संपला का ते विचारणे, रात्री अपरात्री गाडी कोण काढील ते आधीच ठरवणे, एवढे काम प्रत्येक विहाराच्या समितीने या महिन्यात करावे. ज्या घरात दमा आहे तिथे सुनेने पंप चार माणसांसमोर घ्यावा, आणि सासूने तिला पाण्याचा तांब्या द्यावा, चूळ भरायला.

जयभीम.